शेवटची चार मिनिटं

जयवंत खामकरांचा सिनेमा लागून आठवडा झाला, तेव्हा त्यांनी कोल्हापुरात समीक्षकांना जेवायला बोलावलं. नऊ जणांनी चार-चार तारे दिले होते. आपल्या संकेतस्थळावर लिहिणाऱ्या वत्सलाबाई रेग्यांनी मात्र दोनच. ते दोन तारे पाहूनच खामकरांचं डोकं फिरलं होतं, परीक्षण त्यांनी वाचलंच नव्हतं.

जेवताना सगळ्यांदेखत त्यांनी बाईंना छेडलं, "नऊ जाणकारांनी सिनेमा डोक्यावर घेतला. 'शेवट लांबलाय' एवढीच त्यांची तक्रार होती, तर मी दुसऱ्याच दिवशी शेवटची चार मिनिटं कापून टाकली. तुम्हालाच एवढं काय खुपलं?"

बाई म्हणाल्या, "आधी या नऊ जणांना विचारा, शेवटी म्हातारी घर विकते की राखते?"

"विकते," एक जण म्हणाला. "छे, राखते!" दुसरा म्हणाला. बाकीचे ताटात बघू लागले.

"घर जळतं," बाई म्हणाल्या. "समीक्षकांच्या खेळाला मध्यंतरात बटाटेवडे आले. ते खाऊन ही मंडळी गेली. पुढे थिएटरात मी एकटीच होते."

वाढपीसुद्धा हसले. खामकरांनी मात्र मोबाइलवर बाईंचं परीक्षण पहिल्यांदाच उघडलं. पूर्वार्ध बाईंनी सोलून काढला होता. पण खाली लिहिलं होतं, "तरीही जा. शेवटच्या चार मिनिटांत म्हातारी नवऱ्याची बाजाची पेटी कवटाळून बसते, तेवढ्यासाठी तरी जाच."

ती चार मिनिटं आता एकाही थिएटरात नव्हती.