मानाचा खडा

त्या डोंगरात उजेड विकत मिळत असे. अंधार पडला की घुबड मुकादम आपले काजवे बिळाबिळांत पाठवी आणि अमावास्येला स्वतः येऊन त्यांचं मोल घेऊन जाई. बिळांत राहणारी साळिंदरं. त्यांच्याकडे द्यायला काट्यांखेरीज दुसरं काय असणार? मुकादम पाठीवर बसे, चोचीत काटा धरी आणि एक झटका देई. त्या वेळी साळिंदरं एकमेकांकडे बघत नसत.

उपटलेला काटा परत उगवतो. पण त्याला वेळ लागतो, आणि मुकादमाचं मोल दरवर्षी त्या वेळेच्या पुढे पळत होतं. त्यामुळे डोंगरातल्या बहुतेक पाठी उघड्या पडल्या होत्या. बाहेर निघताना साळिंदरं अंगावर सुकी पानं चिकटवून घेत आणि हल्ली असंच वापरतात म्हणून सांगत. वडीलधाऱ्यांच्या पाठी तेवढ्या भरगच्च होत्या. थोरल्यांच्या काट्याला हात लावायचा नाही, अशी तिथली रीत होती. ही रीत कुणी घातली असेल, हे विचारण्यात काही अर्थ नव्हता.

टोकी नावाच्या तरण्या साळिंदरीच्या आईकडे मानेजवळची एक ओळ तेवढी उरली होती. ती गेली की कोल्ह्याच्या भीतीनं आईचं बिळाबाहेर पडणं बंद, आणि चारा शोधणंही बंद. टोकी कधी आईच्या मागून चालत नसे, पुढे चाले. मागून चाललं की बघावं लागतं.

अशात एका सकाळी रंगराव सरडा डोंगरावर आला. त्यानं बिळाच्या तोंडाशी आपला माल मांडला. दिवसभर ऊन पिऊन रात्री उजेड देणारे चपटे चौकोनी खडे. एक तऱ्हा निळसर, कणीदार, स्वस्त. जागा मात्र जास्त खाणारी. दुसरी काळी, एकसंध, गुळगुळीत. जागा थोडी, ऊन भरपूर, मोल दुप्पट. उजेड बिळात न्यायला वेल आणि रात्रीसाठी साठवून ठेवायला भोपळा.

कळपाची सभा बसली. सगळ्यांत वर थोरले आबा, त्यांच्या शेजारी भालेकाका आणि मग वयानुसार उतरत बाकीचे. टोकी पार शेवटी, जिथून नीट ऐकूही येत नव्हतं. आबा फारसं बोलत नसत. त्यांच्या वतीनं बोलायचं काम भालेकाकांनी कुणी न सांगता अंगावर घेतलं होतं.

भालेकाकांनी एका खड्यावर नाक आपटून बघितलं. "टिकेल किती?"

"तुमच्या नातवंडांना पुरेल, काका."

"म्हणजे आम्हाला पुरणार नाही?"

"तुम्हाला तर पुरून उरेल," रंगराव म्हणाला, आणि त्याचा रंग जरासा बदलला.

"आणि हा भोपळा? पातळ सालीचा स्वस्त दिसतोय."

"दोन पावसाळ्यांत सडतो. जाड सालीचा घ्या. एकदाच रडाल."

भालेकाकांनी पातळ सालीचा घेतला आणि वर चार दोडके फुकट मिळतील का, तेही विचारून घेतलं. सभेत त्यांच्या व्यवहारचातुर्याबद्दल कुजबूज झाली.

मग वेलींचं निघालं. रंगरावानं दोन पद्धती सांगितल्या. प्रत्येक खड्याला स्वतंत्र वेल, किंवा सगळे खडे एकाच वेलीत ओवायचे. "एकात ओवलं तर काटे कमी लागतील. पण मग सगळे एकमेकांच्या जिवावर. ज्याला सगळ्यांत कमी ऊन मिळेल, त्याच्याइतकंच बाकीच्यांचं पुढे जाईल. एकावर सावली पडली की संपलं."

"एकच वेल," भालेकाका म्हणाले. "इथे आम्ही एकत्र राहतो. सवतासुभा मांडायला आम्ही काय खारी आहोत?"

खडे कसे लावायचे, हा तर प्रश्नच नव्हता. पहिला आबांचा, मग काकांचा, मग वयानुसार. आबांसाठी काळा, एकसंध, सगळ्यांत मोठा. बाकीच्यांना निळसर. मोल अर्थातच बाकीच्यांच्या पाठींवरून जायचं होतं. आईनं शेवटच्या ओळीतले निम्मे काटे दिले. मुकादमाचं येणं एकदा थांबलं की सगळे परत उगवतील, असं ती टोकीला म्हणाली. म्हणताना ती हसत होती. टोकीनं तिला कितीतरी दिवसांनी हसताना बघितलं.

पहिला खडा उंबराखाली ठेवायचं ठरलं. कळपातल्या सगळ्यांत थोराची जागा पिढ्यान्‌पिढ्या त्या उंबराखालीच होती. सावली तिथली दाट, गार, मानाची.

टोकी उठली. "पण तिथे ऊन नाही."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"शिकवणी अर्धी टाकून आलेली पोर आपल्याला ऊन शिकवतेय," भालेकाका म्हणाले. हशा पिकला. आबांनी डोळे मिटले होते. आईनं टोकीच्या पायावर हळूच पाय ठेवला. त्या पायाला वजन नव्हतं, नुसती विनवणी होती. टोकी बसली.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण वेल ओवायला बारीक हातांची गरज होती आणि टोकीसारखी गाठ कळपात कुणाला येत नव्हती. तिला बोलावणं आलं आणि ती गेली. उंबराच्या गार मातीत बसून तिनं आबांच्या खड्याला वेलीची पहिली गाठ मारली. वर पानं इतकी दाट होती की तिला स्वतःचे हात नीट दिसत नव्हते. गाठ पक्की बसली. त्या क्षणी तिला स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं. पुढे हेच तिला सगळ्यांत जास्त बोचत राहिलं.

काजव्यांना निरोप दिला गेला. पहिल्या रात्री सगळी साळिंदरं बिळात गोळा झाली. भोपळ्याचं तोंड उघडलं. आत उजेडासारखं काहीतरी होतं. त्यात भिंत कुठे आहे ते कळत होतं, पण माणूस कोणतं आहे ते विचारावं लागत होतं, म्हणजे साळिंदर कोणतं आहे ते.

"डोळ्यांना थंड आहे," भालेकाका म्हणाले. सगळ्यांना थंड वाटलं.

त्या थंड उजेडात चार दिवसांत एक पिल्लू विहिरीसारख्या खोल भेगेत पडलं, दोन म्हाताऱ्या एकमेकींवर आदळल्या आणि काजव्यांना परत बोलवावं लागलं. मुकादमानं परतीचं मोल वेगळं लावलं. तो आला तेव्हा कुणी काही सांगायच्या आत आई उठली, त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली आणि तिनं मान खाली घातली. मुकादमानंही तिला काही विचारलं नाही. झटका बसला तेव्हा टोकी भिंतीकडे बघत होती. भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं सभा मागितली. शेवटच्या जागेवरून उठून ती सगळ्यांच्या मधून चालत पुढे गेली. असं कुणी कधी गेलं नव्हतं.

"आबा, उजेड कमी पडतोय, कारण तुमचा खडा सावलीत आहे. तो उन्हात आणा. दहा पावलांवर ऊन आहे."

आईनं दोन्ही पंजांनी तोंड झाकून घेतलं. टोकीला वाटलं होतं की आई निदान तिच्याकडे बघेल.

भालेकाकांनी रंगरावाला बोलावून घेतलं. त्याला वाटलं, आता आपल्यावर शेकणार. त्यामुळे त्यानं सगळं स्वच्छ सांगितलं. "मी आधीच म्हटलं होतं, काका. एकाच वेलीत ओवलंय. उंबराखालचा खडा जेवढं पितो, तेवढंच सगळ्यांचं बिळात येतं. बाकीचे कितीही तापले तरी वाया."

आता सगळे आबांकडे बघू लागले. आबांनी डोळे उघडले. ते उंबराकडे बघत राहिले, मग खाली, स्वतःच्या पंजांकडे. त्यांची भरगच्च पाठ हलली, काटे एकमेकांवर घासल्याचा बारीक आवाज झाला. त्यांना कळलं होतं. टोकीला ते स्पष्ट दिसलं. एक शब्द पुरला असता आणि तो त्यांच्या ओठापर्यंत आला होता, हे ती नंतर कुणालाही शपथेवर सांगू शकली असती. तिनं वाट बघितली. आबांनी आवंढा गिळला.

पण थोरल्यांनी असं खाली बघावं, हे भालेकाकांना सोसवेना. ते घाईघाईनं म्हणाले, "म्हणजे बाकीचे खडे उन्हात ठेवले काय आणि सावलीत ठेवले काय, बिळात येणार तेवढंच?"

रंगराव घुटमळला. "आत्ता जसं ओवलंय तसं... हो. तेवढंच."

"मग पोरांचे खडे उगाच उन्हात तडकताहेत. आणि आबांचा बिचारा एकटा पडलाय तिकडे. हे बरं दिसतं का?"

हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. बरं दिसत नव्हतं, खरंच. सभेतून सुटकेचा एक मोठा निःश्वास निघाला, जणू इतके दिवस सगळे याच गोष्टीनं कुढत होते. आबांनी पुन्हा डोळे मिटले.

"टोकीमुळे निदान विषय तरी निघाला," भालेकाका उदारपणे म्हणाले. "पोर हुशार आहे."

दुपारी काम सुरू झालं. वयानुसार रांग लागली. प्रत्येकानं आपापला खडा तोंडात उचलला आणि वेल न ताणता उंबराकडे चालायला सुरुवात केली. आईची पाळी आली. तिनं पाठीवर पानं लावली नव्हती. टोकी रांगेत तिच्या मागेच होती, पुढे व्हायला वाट नव्हती.

"सावकाश," आई मागे न बघता म्हणाली. "फुटेल."

टोकीनं आपला खडा उचलला. तो इतका तापला होता की ओठ भाजले. उंबराच्या सावलीत पाऊल टाकलं तशी त्याची धग कमी होत गेली. तिनं तो आईच्या खड्याला लागून ठेवला. एकाला एक चिकटून सगळे ओळीनं बसले होते, आबांचा मधोमध, आणि आता त्यांतला कोणता जास्त काळा हे सांगता येत नव्हतं.

त्या रात्रीचा उजेड आदल्या रात्रीपेक्षा केसभरही कमी नव्हता. सगळ्यांनी तो मुद्दाम निरखून बघितला.

बाहेर उतारावर, जिथून खडे उचलले होते, तिथलं गवत पांढरं पडून चौकोन उमटले होते. पुढे कित्येक दिवस त्या रिकाम्या चौकोनांवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत लख्ख ऊन पडत राहिलं.