ओगराळं ज्याच्या हाती

फार लांब नसलेल्या एका जंगलात एक सिंह राज्य करत होता. म्हणजे सिंहासनावर तो बसायचा. राज्य रानडुक्कर बयाजीराव आणि तरस धुळाप्पा या दोन मंत्र्यांच्या टेकूवर उभं होतं. दोघांचं आपसात बोलणं बंद. एक पूर्वेच्या गुहेत, दुसरा पश्चिमेच्या. सामाईक असं एकच, आमटीचा हंडा. त्यातूनच अख्खी प्रजा जेवायची.

आमटी रांधायची साळिंदर कोंडाबाई. मीठ घालायचा मान मात्र मंत्र्यांचा, कारण ‘खाल्ल्या मिठाला जागा’ असं पुढे प्रजेला सांगायला ते बरं पडतं.

एकदा बयाजीरावांनी आमटी चाखली. अळणी. ते मीठ आणायला गेले. तेवढ्यात धुळाप्पांनी चाखली. अळणी. तेही गेले. दोघांनी येऊन आपापली ओंजळ टाकली. घटकाभराने दोघांनी पुन्हा चाखली, दोघांना खारट लागली, दोघांनी पाण्याची घागर ओतली. मग पुन्हा मीठ, मग पुन्हा पाणी. हंडा उतू जाऊन ओढ्याला मिळाला, तेव्हा सरकारने दवंडी पिटली की आमटीचं उत्पादन दुप्पट झालं.

प्रजा थू थू करू लागली. आता मंत्र्यांना बोलावं तर सरकार पडतं. महाराजांनी कोंडाबाईला बोलावलं.

"विजयदिनाला प्रजेला जेवण आहे. त्या दिवशी आमटी बिघडली, तर आमटीत तू."

"महाराज, मला काटे आहेत."

"काढून."

कोंडाबाईची पाचावर धारण बसली. तिचा भाचा चिमाजी उंदीर शहरात संगणकवाल्यांच्या ऑफिसच्या भिंतीत राहायचा आणि सुट्टीला येऊन सगळ्यांना अक्कल शिकवायचा. ती त्याच्याकडे गेली.

"मावशी, एवढंच ना," चिमाजी शेपूट झटकत म्हणाला. "आमच्याकडे वेबसाइटच्या पोटात असेच कामगार असतात. जो तो आपल्या बिळात, पण आठवणींचा डबा, म्हणजे मेमरी, सगळ्यांचा एकच. दोघांनी एकदम हात घातला की सगळ्याचा चिवडा. म्हणून कुलूप ठेवतात. कुलूप ज्याच्याकडे, त्यानेच चाखायचं, घालायचं, ढवळायचं. बाकीच्यांनी झोपायचं. काम झालं की त्याने कुलूप सोडायचं आणि झोपलेल्याला उठवायचं. मुख्य कामगाराला मात्र झोपायची बंदी. तो थांबला की संगणकाचा पडदाच गोठतो."

"आणि उठवलंच नाही तर?"

"तर झोपलेला झोपलेलाच. पण असं कोण करेल, मावशी?"

शहरात राहूनही पोरगं भोळंच राहिलं होतं.

कोंडाबाईने आमटी वाढायचं ओगराळंच कुलूप ठरवलं. फर्मान निघालं. ज्याच्या हाती ओगराळं, त्यानेच हंड्याला हात लावावा. थांबणाऱ्यांनी झोपावं. काम झालं की ओगराळं हंड्यावर आपटून सोडून द्यावं. महाराजांना झोपायला मनाई झाली, कारण राजा थांबला की राज्य थांबल्यासारखं दिसतं. ते टेकडीवर उभे राहून पंजा हलवू लागले.

विजयदिनी ओगराळं बयाजीरावांनी पटकावलं. "बंधूंनो आणि भगिनींनो, हे ओगराळं माझ्या हातात नाही, तुमच्या हातात आहे," असं म्हणत त्यांनी ते छातीशी घट्ट धरलं. धुळाप्पा नियमाप्रमाणे झोपले. झोपताना मिठाची एकुलती एक बरणी मात्र उशाशी घेतली.

बयाजीरावांनी आमटी चाखली. अळणी.

"साहेब, आपटा की," कोंडाबाई काकुळतीने म्हणाली. "धुळाप्पा उठतील, मीठ मिळेल."

"आपटलं की ओगराळं सोडावं लागेल. मग ते त्याचं."

"मग आमटीचं काय?"

"आमटी सुरक्षित हातात आहे."

ससे, हरणं, मुंगसं वाडगी घेऊन रांगेत उभी होती. थांबणाऱ्याने झोपायचं हा कायदाच होता. बघता बघता सगळी रांग घोरू लागली. टेकडीवरून महाराज झोपलेल्या प्रजेला पंजा हलवून दाखवत होते आणि मधूनमधून विचारत होते, "झालं का? झालं का?"

संध्याकाळी त्यांनी कोंडाबाईला जवळ बोलावलं. तिने डोळे मिटून काटे आवळले.

"आमटी बिघडल्याची एकही तक्रार नाही," महाराज म्हणाले. "आणि इतकी शांत प्रजा तर माझ्या वाडवडिलांनीही पाहिली नसेल." तिला ‘पाकरत्न’ किताब मिळाला. जीव वाचला म्हणून ती मनातून नाचली. मग रिकामं वाडगं पोटाशी धरून झोपलेली सशाची पिल्लं तिला दिसली, आणि तिला स्वतःची लाज वाटली. पण ओगराळं तिच्या हातात नव्हतं.

आमटी अजून चुलीवर आहे. निवडणूक जवळ आली की महाराज स्वतः खाली येऊन दगडाने हंडा वाजवतात. प्रजा धडपडून उठते, वाडगं पुढे करते, मत देते, आणि "होतंच आलंय" असं ऐकून पुन्हा झोपते.