काकूंची थाप

मोटारींना घरातल्या लेकीबाळींसारखी नावं असायची, तेव्हाची गोष्ट. मोरेश्वरकाकांच्या ‘मैना’चा स्पीकर घाटात हमखास मुका व्हायचा. शेजारी बसलेल्या काकू डॅशबोर्डवर थाप मारायच्या, की लगेच गायला लागायचा. पुढे काकू गेल्या. मग त्याचाही आवाज कायमचा गेला, म्हणून काकांनी नवा बसवला.

नव्याला आपल्या गळ्याचा भारी तोरा. घाटात तो सुरेल गात होता, तरी काकांनी थाप मारलीच.

“माझं काय चुकलं?” तो फणफणला.

“काही नाही, बाळा,” म्हातारं स्टिअरिंग म्हणालं. “ती काकूंची थाप. हात तेवढा काकांचा.”

पुढच्या घाटात नवा स्पीकर गाता गाता आपणहून गप्प झाला. थाप पडली, तसा पुन्हा गायला लागला.

काका रिकाम्या सीटकडे वळून हसले, “हाही तसलाच निघाला गं!”