धाकलूचं सरबत

ही गोष्ट मला दर उन्हाळ्यात सांगायला लावतात. सरबताचे पेले हातात आले रे आले की सगळी पोरं माझ्याभोवती कोंडाळं करतात, आणि त्यांची आई पदराआड तोंड लपवून म्हणते, "सांगा की आता." मला बोलायचा कंटाळा. बोलता बोलता माझं सरबत कोमट होतं, ते कोणाला दिसत नाही. पण सांगतो. एकदाच सांगीन. मधे कोणी बोललं तर उठून जाईन.

तर एका गावात एक भोळा जावई होता. नाव धाकलू. जावई दुसऱ्या गावाचा. स्वतःच्या गावात तो नुसताच भोळा होता.

अंगानं दांडगा, कामाला कधी नाही म्हणणार नाही, मनानं चांगला. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तसं वाटणार नाही. त्याला एकच खोड होती. सांगितलेलं तो लक्षात ठेवायचा. माणसानं थोडं विसरावं. हा विसरायचा नाही.

त्याची बायको हुशार. बापावर गेली होती. बाप म्हणजे धाकलूचा सासरा. फार समजूतदार माणूस, दिसायलाही बरा. काही लोक त्याला तिरसट म्हणायचे. लोकांना काय कळतं?

धाकलूच्या गावात मंगळवारचा बाजार. सासरा भर उन्हात घाटी उतरून बाजाराला यायचा आणि लेकीच्या घरी घटकाभर टेकायचा.

चैत्र संपता संपता असाच आला. घामानं न्हालेला. सुगंधा, म्हणजे धाकलूची बायको, चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. तिनं आतूनच हाक दिली, "अहो, बाबा आलेत. पन्हं करून द्या त्यांना. कैरी, गूळ, पाणी, वरून वेलची."

धाकलूनं पेला घेतला. त्यात कैरी ठेवली. कैरीवर गूळ ठेवला. पाणी ओतलं. वरून एक वेलची सोडली, सालासकट. आणि अदबीनं सासऱ्यापुढे धरला.

सासऱ्यानं पेला तोंडाला लावून मान मागे केली. कैरी घरंगळत आली ती पुढच्या दातावर आपटली. चांगला दात होता.

"हे काय, जावईबापू?"

"पन्हं."

"यात कैरी अख्खी आहे."

"झाडावर अख्खीच असते, मामा."

सुगंधा पिठाच्या हातानं बाहेर आली. "अहो, फळ आधी उकडायचं नाही का? उकडून घ्यायचं, मग पुढचं सगळं."

"उकडायचं. बरं," म्हणाला धाकलू. आणि लक्षात ठेवलं.

सासरा उठला. दात हलवून पाहिला. हलत होता. मग तो शांतपणे बोलला. शांतपणे म्हणजे शेजारच्या दोनच घरांत ऐकू गेलं. "उन्हातून आलेल्या माणसाला ज्या घरात धड एक पेला मिळत नाही, त्या घरात मी पोर ठेवायचा नाही. वैशाखाच्या शेवटच्या बाजारापर्यंत वाट बघतो. तोवर या जावयाच्या हातचा एक पेला धड प्यायला मिळाला, तर ती इथली. नाहीतर तिची पेटी उचलून घेऊन जाईन."

धाकलूशी सगळं गाव ओरडून बोलायचं. हळू बोलणारी एकटी सुगंधा होती. ती गेली तर?

"काळजी नको," सुगंधा म्हणाली. "मी सांगेन तसं करा, म्हणजे झालं."

तिथेच चुकलं बाईचं.

पुढे एका मंगळवारी तिनं नदीकाठच्या मळ्यातून कलिंगड आणलं. चांगलं घागरीएवढं. म्हणाली, "बाबा आले की याचा रस करून द्या. मी कपडे धुऊन येते."

धाकलूनं चुलीवर हंडा चढवला. हंड्यात कलिंगड बसवलं. खाली जाळ घातला. तासभर उकडलं. घरात असा वास सुटला की मांजर बाहेर जाऊन बसलं. मग त्यानं ते फोडलं, घोटलं, आणि वाफाळता पेला सासऱ्यापुढे धरला.

सासरा तहानलेला. त्यानं पेला पाहिला नाही, वाफ पाहिली नाही. मोठा घोट घेतला. जिभेची साल गेली. दोन दिवस तो माणूस नुसता ताकभात जेवला.

सुगंधानं कपाळाला हात लावला. "कलिंगड उकडतात का हो कोणी?"

"तूच म्हणालीस, फळ आधी उकडायचं."

"ती कैरी होती! कलिंगड गार करतात. फडक्यात बांधायचं, दोर लावायचा आणि विहिरीत सोडायचं."

"विहिरीत सोडायचं. बरं," म्हणाला धाकलू. आणि लक्षात ठेवलं.

वैशाख अर्धा सरला. परसात कोकमाचे रातांबे पिकून लाल झाले. कोकमाचं सरबत म्हणजे सासऱ्याचा जीव की प्राण, हे लेकीला ठाऊक होतं. सोमवारी सकाळी तिनं रातांबे फोडले, बिया काढल्या, सालांचा ढीग सुपात ठेवला. बाजूला पाच किलो साखर. पुढच्या मंगळवारपर्यंत रस सुटेल असा तिचा हिशेब. "अहो, ही सालं नि साखर एकत्र करून ठेवून द्या," एवढं सांगून ती कामाला लागली.

कुठे ठेवायची ते तिनं सांगितलं नाही. धाकलूला सांगावं लागलं नाही. त्याच्या लक्षात होतं.

त्यानं सालं आणि साखर फडक्यात बांधली, दोर लावला आणि सगळं विहिरीत सोडलं.

वाडीला विहीर एकच. मंगळवारी सकाळी बायका पाण्याला गेल्या तर पाणी गुलाबी. आमटी गोड झाली. भात गोड झाला. गुरवाच्या म्हशीनं पाण्यात तोंड घातलं ते काढीचना. ज्यानं त्यात धोतर धुतलं त्याचं धोतर खळ घातल्यासारखं उभं राहिलं.

आणि अशात सासरा आला. आता या घरात काही प्यायचंच नाही असं ठरवून आला होता. शहाणा माणूस. म्हणाला, नुसतं तोंड धुतो. त्यानं विहिरीवर जाऊन खसाखसा तोंड धुतलं आणि उन्हात पुसायला थांबला. एवढ्यात मिशा ओठाला चिकटल्या. डोळा उघडेना. वाडीतल्या होत्या नव्हत्या त्या माश्या त्याच्या तोंडावर येऊन बसल्या. तशाच चिकटल्या तोंडानं तो लेकीला म्हणाला, "पुढचा मंगळवार शेवटचा. पेटी भरून ठेव."

सुगंधा धाकलूवर ओरडली नाही. तिनं झाडावरचे उरलेसुरले रातांबे काढले आणि धाकलूला समोर बसवलं.

"आता नीट ऐका. विहीर नाही. बरणी. सालांवर साखर, परत सालं, परत साखर. वर स्वच्छ फडकं ताणून सुतळीनं घट्ट बांधायचं. बरणी अंगणात उन्हात ठेवायची. कुत्रं लवंडेल, म्हणून खांबाला दोरीनं बांधायची. अधूनमधून हलवायची. रस सुटेल. आठ दिवस फडकं सोडायचं नाही."

"आठ दिवस. बरं," म्हणाला धाकलू.

आणि खरं सांगतो, त्यानं केलं. साखर घातली, फडकं बांधलं, बरणी खांबाला बांधली. ऊन सरकलं की बरणी सरकवायचा. कावळा आला की काठी घेऊन धावायचा. पोटच्या पोरासारखी जपली. मंगळवारी सकाळी सुगंधानं बरणी घरात नेली. लालभडक दाट रस सुटला होता. बोट लावून चाखला आणि तिचे डोळे भरून आले.

आता पेला भरून देण्यापुरतं काम उरलं होतं. पण विहिरीचं पाणी अजून गोड, त्यामुळे साऱ्या वाडीला झऱ्यावर जावं लागायचं. तिनं डोक्यावर हंडा घेतला. जाता जाता म्हणाली, "मी यायच्या आत बाबा आले, तर तुम्ही काही करू नका. सरबत मीच कालवीन, तुम्ही नुसतं हातात द्या. तोवर या कोकमाला जसं जपलंत ना, तसं माझ्या बाबांना जपा."

"तसंच जपायचं. बरं," म्हणाला धाकलू.

सासरा आला. दमला होता. ओटीवरच्या बाजेवर पडला आणि लगेच घोरायला लागला.

धाकलूनं बाज उचलली, म्हातारबाबांसकट, आणि अंगणात उन्हात नेऊन ठेवली. डब्यातली साखर आणली. पायांवर एक थर. पोटावर एक थर. डोक्यावर जरा जास्त, कारण तिथे केस नव्हते, घसरत होती. तोंडावर स्वच्छ फडकं ताणून सुतळीनं बांधलं. कुत्रं लवंडेल, म्हणून बाजेला दोरीनं आवळलं. आणि मग अधूनमधून हलवायला लागला.

सासरा जागा झाला. फडक्याखालून आवाज आला, "उंऽऽ! उंऽऽ!"

"हलू नका, मामा. मी हलवतो," म्हणाला धाकलू.

सुगंधा हंडा घेऊन अंगणात आली आणि जागच्या जागी उभी राहिली.

"अहो! हे काय केलंत?"

"कोकमासारखं जपलंय," धाकलू अभिमानानं म्हणाला. "कपाळाकडे बघ. रस सुटायला लागलाय."

"सोडा! आधी सोडा त्यांना!"

"आत्ता कसं सोडू?" धाकलूचा चेहरा कावराबावरा झाला. "आज पहिलाच दिवस. अजून सात राहिलेत."

शेवटी सुतळी तिनंच सोडली. सासरा उठून बसला. कानात मुंग्या, मिशीत साखर. बोलायला तोंड उघडलं तर घशातून आवाज निघेना, इतका कोरडा पडलेला. तोवर सुगंधानं सरबत कालवलं आणि धाकलूनं पेला पुढे केला.

सासरा तो प्यायला. मग दुसरा प्यायला. सहा पेले प्यायला. तसं कोकम सरबत त्यानं जन्मात घेतलं नव्हतं, आणि शब्दाचा पक्का माणूस, म्हणून पेटी जिथे होती तिथेच राहिली.

बाजेवरचा म्हातारा कोण ते पोरांना ठाऊक आहे. तरी दरवर्षी माझ्याकडूनच वदवून घेतात. मीच तो. धाकलूनं त्याच दिवशी माझ्या पायांवर डोकं ठेवलं. त्याचं माझं काही राहिलं नाही, गरीब आहे बिचारा. पण बाप साखरेत घोळून उन्हात बांधलेला दिसत असताना, सुतळी सोडायच्या आधी जी हंडा खाली ठेवून पोट धरधरून हसली, आणि आजही तिथे दाराआड हसतेय, तिनं अजून माझी माफी मागितलेली नाही. सुगंधानं.