तेहतिसावा अनारसा

“...मग बत्तीसच का? एवढंच सांगा, बुवा. दुसरं मी काही विचारत नाही.”

त्र्यंबकशेठ कोठावद्यांनी हे विचारलं तेव्हा चपला अजून त्यांच्या पायातच होत्या. ध्यानात आलं तशा त्यांनी त्या मठाच्या पायरीखाली भिरकावल्या. हातातलं पितळी ताट मोतीगीर बुवांच्या पुढ्यात आणून ठेवलं आणि वरचा क्रोशाचा रुमाल ओढून काढला.

ताटात अनारसे होते. मधोमध विझलेलं निरांजन.

बुवा घोंगडीला टाके घालीत होते. त्यांनी सुई घोंगडीतच खोचून ठेवली आणि ताटाकडे पाहिलं.

“छान जाळी पडलीय,” ते म्हणाले.

जाळीचं कौतुक ऐकायला शेठ पारोळ्याच्या पेठेतून टांगा करून आले नव्हते.

धोंड्याचा महिना होता. अडीच-पावणेतीन वर्षांनी एकदा हा अधिक महिना येतो आणि त्या महिन्यात सासूनं जावयाला घरी केलेल्या तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, असा आपल्याकडचा रिवाज. तीस आणि तीन. त्यात एक वर नाही, एक खाली नाही. जावयानं त्यातला एक तुकडा मोडून तोंडात टाकला की वाण पोचलं. तोवर ते परत धाडता येतं. तुकडा एकदा मोडला की मग नाही. उष्टं ताट कोण परत घेणार?

शेठनी तुकडा मोडला नव्हता. मोजलं होतं.

भुसाराच्या व्यापारात माणूस तीस वर्षं काढतो तेव्हा त्याचे हात आपसूक मोजतात, त्याला सांगावं लागत नाही. शेठ लग्नाच्या पंगतीत बसले तरी पत्रावळी मोजून घेत. पेठ त्यांना तोंडावर शेठ म्हणे आणि पाठीमागे मापाडी. एकदा हरभऱ्याच्या भरल्या गाडीत एक पायली कमी भरली, तर त्यांनी अख्खी गाडी भर उन्हात सात कोस मागं फिरवली होती. शेतकरी हात जोडून म्हणाला, शेठ, पायलीभर मी उद्या डोक्यावर आणून देतो. शेठ म्हणाले, प्रश्न पायलीचा नाही.

आताही ते तेच म्हणत होते.

“प्रश्न अनारशाचा नाही, बुवा. अनारसे माझ्या घरी पराती भरभरून होतात. प्रश्न मानाचा आहे. माझ्या दुकानात चिमूटभर माप कमी गेलं तर गिऱ्हाईक पायरीवर उभं राहून माझ्या सात पिढ्या काढतं, आणि मी ऐकून घेतो, कारण मापात पाप ते पापच. मग सासूला वेगळा न्याय कसा?”

बुवांनी विचारलं, सासूला डोळ्यांनी दिसतं का नीट?

शेठ म्हणाले, दिसत नाही. मोतीबिंदू आहे. पण मोजायला डोळे कशाला लागतात? बोटं आहेत की.

घरात दुसरं कोणी आहे का तिच्या?

कोणी नाही. एकटीच असते कासारखेड्याला. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत सुकवायचे, कुटायचे, गूळ घालून आठवडाभर मुरवायचे, सगळं तिचं तीच करते. हे सगळं त्यांची बायको अनसूयाबाई त्यांना दर खेपेला सांगत आली होती, आणि शेठना ते मान्यही होतं.

“तेच तर म्हणतो मी. एवढं सगळं करणाऱ्या बाईला एक अनारसा जड झाला? बत्तीस झाले आणि तेहतिसाव्याला हात दुखले?”

बुवांनी घोंगडीचा एक सुटा धागा बोटाला गुंडाळला.

गप्प राहिलेल्या माणसापुढं रागावलेला माणूस जास्त बोलतो. शेठनी मग खरी सल होती ती काढली. काल ताट आलं तेव्हा दुकानात शेजारचा कापडवाला सुपडूशेठ येऊन बसला होता. मोजणी त्याच्यासमोर झाली. तो मिशीत हसला आणि म्हणाला, बत्तीस का? दातांइतके दिले वाटतं. चाव म्हणावं जावयाला.

संध्याकाळपर्यंत ते पेठभर झालं. हमालसुद्धा पोतं टाकताना मुद्दाम बत्तीसवर थांबू लागले.

“तेवीस वर्षं झाली लग्नाला,” शेठ म्हणाले. “आठ वेळा हे वाण घेतलं. कधी कपाळाला आठी नाही घातली. आणि आता, चारचौघांत...”

त्यांचा आवाज चिरकला. ते त्यांनाच आवडलं नाही, म्हणून त्यांनी तो आणखी चढवला. ताट आपण स्वतः नेऊन म्हातारीच्या ओट्यावर ठेवणार, गड्याबरोबर धाडणार नाही, आळीनं बघितलं पाहिजे. उद्या अमावास्या, महिना संपला. मग तिनं तेहतीस केले काय आणि तीनशे केले काय.

“आणि तुझी मंडळी काय म्हणते?”

शेठ जरा अडखळले.

अनसूयाबाई काही म्हणत नव्हती. कालपासून ती एकच वाक्य बोलली होती, तेही भाकरी थापताना, मान वर न करता. ताट परत गेलं तर मी पण तिथंच राहीन. सकाळी शेठनी टांगा मागवला तर ती आधीच आपली ट्रंक भरून ओट्यावर बसलेली. आता बाहेर टांग्यात तीच ट्रंक मांडीशी धरून बसली होती.

शेठनी हेही सांगितलं. मग घाईनं म्हणाले, ती राहणार नाही हो. बायका म्हणतात तसं.

बुवांनी दारातून टांग्याकडे नजर टाकली. घोडा शेपटीनं माश्या वारीत होता. बाईचा पदर डोक्यावरून पुढं ओढलेला होता. चेहरा दिसत नव्हता. ट्रंक दिसत होती.

“तू मोजणीत चुकला नाहीस ना, त्र्यंबक?”

हा घाव मात्र वर्मी बसला. शेठनी मांडी ठोकली, धोतराचा सोगा आवरला आणि मठाच्या सारवलेल्या जमिनीवर रुमाल पसरला. मग बाजारात धान्य मापताना मापाडी ज्या सुरात मोजतो त्याच सुरात, पहिल्याला एक न म्हणता लाभ म्हणत, त्यांनी एकेक अनारसा उचलून रुमालावर ठेवायला सुरुवात केली.

“लाभ... दोन... तीन...”

बुवांनी डोळे मिटून घेतले होते.

“...तीस... एकतीस... बत्तीस.”

ताटात निरांजन उरलं आणि थोडी सांडलेली खसखस. शेठचा हात पुढचा उचलायला गेला आणि तसाच ताटावर राहिला. रिकामा. तो त्यांनी बुवांच्या डोळ्यांपुढे धरला.

“बघा.”

बुवांनी डोळे उघडले. त्या रिकाम्या हाताकडे पाहिलं.

“तेहतिसावा मी खाल्ला,” ते म्हणाले.

शेठना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

बुवांनी परत सांगितलं. सोमवारी भिक्षा मागत कासारखेड्याला गेलो होतो. म्हातारी चुलीपुढं बसली होती. घरात दुसरं द्यायला काही नव्हतं. तिनं ताट चाचपलं आणि त्यातला एक माझ्या हातावर ठेवला.

“तुम्ही?”

“मीच.”

त्र्यंबकशेठ बुवांचे शिष्य होऊन अकरा वर्षं झाली होती. दर गुरुवारी ते मठात शिधा धाडत, आणि मोतीगीर बुवा आमचे, असं पेठेत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. त्या सगळ्या वर्षांत बुवांनी त्यांच्या घरचं काही मागून खाल्लं नव्हतं. दिलं तर पुढं कोणाला तरी देऊन टाकत.

शेठचे डोळे भरून आले. मघाशी लाल झालेला तोच चेहरा आता निराळाच लाल दिसू लागला.

“माझ्या वाणातला? माझ्या ताटातला काढून?”

“तुझ्याच.”

“अहो, मग हे मला आधी का नाही...” शेठ उठले, परत बसले. त्यांनी बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं. मग दाराशी जाऊन टांग्याकडे हात हलवला. “अगं, इकडे ये. बुवांनी खाल्ला. आपल्या वाणातला बुवांनी खाल्ला.”

अनसूयाबाई ट्रंक खाली ठेवून आली आणि उंबऱ्याशी उभी राहिली. तिला काही उलगडत नव्हतं. शेठ तिला, बुवांना आणि मठाच्या भिंतीला एकदमच सांगत सुटले होते. म्हातारीचं पुण्य केवढं. देवाच्या आधी संताच्या हातावर ठेवला. डोळे नाहीत, पण पारख बघा कशी. आमच्या सासूबाई तशाच आहेत, पहिल्यापासून. लग्नात सगळी वऱ्हाडी मंडळी आंब्याच्या रसावर तुटून पडली होती तेव्हा ही बाई मागच्या दाराशी उभी राहून वाजंत्र्यांना वाढत होती. मी तेव्हाच म्हणालो होतो, घर मोठ्या मनाचं आहे.

तेव्हा ते असं काही म्हणाल्याचं अनसूयाबाईला आठवत नव्हतं.

आता सुपडूला मी दाखवतो, शेठ म्हणाले. दातांइतके म्हणतो. त्याच्या सासूनं गेल्या खेपेला बाजारचे बत्तासे मोजून दिले होते, हातचं काही नाही, आणि तो मला शिकवतो.

“चांगला होता हो अनारसा,” बुवा म्हणाले. “तूप बेताचं, गूळ बेताचा. सगळे तसेच साधलेत की एखादाच, ते मला काही माहीत नाही.”

“एखादाच कसा? सासूबाईंचा हात आहे तो,” शेठ म्हणाले. त्यांनी रुमालावरचा सगळ्यात वरचा अनारसा उचलला, मोडला आणि अर्धा तोंडात टाकला.

मठात थोडा वेळ फक्त चावण्याचा आवाज होता.

त्यांनी डोळे मिटले. उरलेला अर्धाही खाल्ला.

“काय सांगू,” ते म्हणाले. “काय सांगू बुवा.”

अनसूयाबाईनं पदर तोंडाशी धरला. मग ती खाली बसली आणि रुमालावरचे अनारसे एकेक करून ताटात रचू लागली, खसखशीची बाजू वर ठेवून.

बुवांनी घोंगडी गुडघ्यांवरून बाजूला सारली.

त्यांचा उजवा पाय घोट्यापासून भोपळ्यासारखा सुजला होता. त्यावर एरंडाची पानं बांधलेली होती. पानं वाळून काळी पडली होती.

“आठ दिवस झाले,” बुवा म्हणाले. “ओढ्याच्या पलीकडे पाऊल टाकलेलं नाही.”

शेठ पायाकडे बघत राहिले. हमालासमोर हिशेब चुकावा तसं त्यांना झालं.

“म्हणजे सोमवारी...”

“सोमवारी मी इथंच होतो. या घोंगडीवर.”

“आणि कासारखेडं?”

“गेलो नाही.”

“मग तो अनारसा...”

“कोणी खाल्ला, मला काय ठाऊक? केलाच नसेल. गळून पडला असेल. म्हातारीनं बोटांनी मोजले, बोटं चुकली असतील.”

अनसूयाबाईचे हात ताटावर थांबले. ती मान वर न करता ऐकत होती.

शेठच्या कपाळाची शीर हळूहळू वर येऊ लागली.

“बुवा, तुम्ही माझ्याशी खोटं बोललात?”

“बोललो.”

“अकरा वर्षं मी तुम्हाला गुरू मानतो. तुमच्या शब्दावर मी... तुमच्या एका शब्दावर मी हे ताट...”

ते ताटाकडे वळले. ताट भरलेलं होतं, रचलेलं होतं, पण आता ते परत नेण्याजोगं राहिलं नव्हतं. हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. बायको अनारसे रचत होती. त्यांनी बुवांकडे पाहिलं. बुवा घोंगडीतली सुई शोधत होते.

शेठनी छाती भरून श्वास घेतला. तीस वर्षं पेठेत ज्या आवाजानं गाड्या परत फिरवल्या, तो आवाज त्यांनी गोळा केला. बोट ताटाकडे रोखलं.

“ते काही असो. माझं म्हणणं कालही तेच होतं आणि आजही तेच आहे. खोटं तुम्ही बोललात, पण माप माझं खोटं नाही. या ताटात मोजून बत्तीस...”

“एकतीस,” बुवा म्हणाले. “आणि ओठ पूस. खसखस लागलीय.”