एलोजीची पाखाडी

ही पाखाडी चढताना जरा बघून पाय टाका. इथली एकही पायरी दुसरीसारखी नाही. कुठे वीतभर उंच, कुठे हातभर रुंद, आणि ही सगळ्यांत खालची तर एका अंगाला कललेलीच आहे. मागे एक इंजिनिअर आले होते. त्यांनी मला विचारलं, आजी, गवंडी कोण होता हो? मी म्हटलं, बाबा, एकसष्ट गवंडी होते आणि सगळे तेरा वर्षांचे. माझं नाव शेगुलाबाई. वरच्या सिनेगॉगची, आमच्या प्रार्थनाघराची, किल्ली माझ्याकडे असते. आमची जुनी माणसं त्याला मशीदच म्हणत. या, विहिरीच्या कठड्यावर बसू. माझे गुडघे दम घेतील, तोवर गोष्ट सांगते.

नांदरखारात तेव्हा बेने इस्राएलांची, म्हणजे आम्हा ज्यूंची, थोडीच घरं होती, आणि सगळी तेल्यांची. शनिवारी आमचा घाणा बंद, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणे. त्या दिवशी बैल जुंपायचा नाही, चूल पेटवायची नाही, ओझं उचलायचं नाही. इतर रीतीभाती थोड्या पुसट झाल्या असतील, पण शनिवार कुणी सोडला नाही.

या गावात एलोजी नावाचा मुलगा होता. बाप लवकर गेलेला, आईने लोकांचे तीळ पाखडून त्याला वाढवलं. आमच्यात मुलगा तेरा वर्षांचा झाला की सगळ्यांसमोर सेफेर, म्हणजे तोरा या आमच्या धर्मग्रंथाची गुंडाळी, उघडून वाचतो. त्या दिवसापासून तो मोठ्या माणसांत धरला जातो. प्रार्थना सांगणारा नि मुलांना शिकवणारा हजान होडीने यायचा, वर्षातून दोनच खेपा. एलोजीचं पाठांतर असं की हजान एक ओळ सांगायचा आणि हा पुढची म्हणून मोकळा व्हायचा. नेम तर विचारूच नका. शनिवारी वाटेतला काटासुद्धा उचलायचा नाही. आईची एकच इच्छा होती, पोराचं वाचन आपल्या डोळ्यांनी बघायचं. वाचनाचा ठरलेला शनिवार चुकला तर हजानाची पुढची खेप सहा महिन्यांनी, आणि आईची छाती तेव्हाच कफाने भरलेली असे. सहा महिन्यांचा भरवसा तिला नव्हता.

तो शनिवार उजाडला. श्रावण सरत आला होता आणि या उतारावर तेव्हा पायऱ्या नव्हत्या, नुसती लाल माती आणि शेवाळ. एलोजी धुतलेले कपडे घालून निघाला, तर इथेच, विहिरीपाशी, हसाजी आजा चिखलात बसलेला. म्हातारा घाणेवाला, एक गुडघा कायमचा अधू. घसरून पडला होता. तो म्हणाला, "पोरा, मला पाठीवर घे नि वर ने."

एलोजी थबकला. मग म्हणाला, "आजा, आज शनवार. ओझं उचलीत नाय मी."

म्हाताऱ्याने विहिरीच्या कठड्याला पाठ टेकली. शनिवारचा नेम त्यानेच गावातल्या तीन पिढ्यांना शिकवला होता. एलोजी आपला सांभाळून वर गेला. नेम पाळला म्हणून खूशही असेल. मला तरी तसंच वाटतं, त्या वयात मीही तशीच होते.

वर सगळे जमले होते. सेफेर उघडायला दहा पुरुष लागतात. आमच्यात माणसं एक, दोन, तीन अशी मोजत नाहीत, ते अशुभ. दहा शब्दांचं एक वचन म्हणतात आणि एकेक शब्द एकेका माणसावर ठेवतात. हजानाने ते वचन म्हटलं. नववा शब्द एलोजीवर आला आणि दहावा तोंडातच राहिला. हसाजी कुठे आहे, असं त्याने विचारलं. एलोजीने खरं ते सांगितलं, आणि नेमाचंही सांगितलं. मागे बायकांत बसलेल्या आईने पदर तोंडाला लावला.

हजान रागावला नाही. एवढंच म्हणाला, "माणूस ओझं कधीपासून झाला, पोरा?"

दोन बाप्ये उठले, त्यांना हजानाने हाताने बसवलं. एलोजी एकटा धावत खाली आला. म्हणे, पाठीवर घेतल्यावर हसाजी कापसासारखा हलका झाला. मला हे पटत नाही. जन्मभर तेलातुपात राहिलेला गडी, चांगला वजनदार असणार. पोरगा दोनदा गुडघ्यांवर आपटला, धुतलेल्या कपड्यांची माती झाली, पण आजाला खाली टेकू दिलं नाही. दहावा शब्द हसाजीवर पडला आणि सेफेर उघडलं. आणि गंमत अशी, की एवढ्या हुशार पोराला त्या दिवशी तीन ठिकाणी आठवेना. तिन्ही वेळा मागून हसाजीने शब्द पुरवला. आई रडली, आणि नंतर स्वतःच्या हाताने सगळ्यांना मलिदा वाढला, गूळ-खोबऱ्यातले गोड पोहे.

दुसऱ्या दिवशी रविवारी एलोजीने जांभ्याचा एक चिरा आणून इथे बसवला. शेजारी बसून हसाजी म्हणाला, वाकडी झाली रे. तीच ही कललेली पायरी. एलोजीने तेव्हा शपथ घेतली, की शनिवारी हा चढ मी कधी एकटा चढणार नाही. पुढे त्याच्यामागून वाचायला बसणाऱ्या प्रत्येकाने आधी एक पायरी बसवली आणि वाचनाच्या दिवशी एका म्हाताऱ्या माणसाला हाताला धरून वर आणलं.

आता इथे आमची तीन घरं उरली. बाकीची मुंबई-ठाण्याला गेली, बरीचशी इस्राएलला. पायऱ्याही माथ्याला टेकल्या, म्हणून मुलं शेवाळ खरवडतात, निखळलेले चिरे बसवतात. मुलीसुद्धा येतात, बरं का. आमच्या वेळी नव्हतं हे.

आजही सेफेर उघडण्याआधी दारात एकच प्रश्न विचारतात, "एकटाच आलास?" गेल्या वर्षी इस्राएलातल्या अश्दोदहून एक तेरा वर्षांची पोर आली. तिला मराठीचा गंध नाही, मला तिची भाषा येत नाही. ती मला हाताला धरून वर नेत होती, तर अर्ध्या चढावर माझा गुडघा आखडला. मी हातांनी खुणावलं, तू हो पुढे, तुझं वाचन राहील. ती गेली नाही. माझ्याशेजारी पायरीवर बसली आणि तिच्या आजोबाने घोकून घेतलेलं एवढंच बोलली, "आजी, तू ओझं नाय."

चला, उठा आता. आणि एक हात द्या मला.