रेंज

"पण ताई, माणूस वाईट नसेल तर त्याच्याकडे पैसे मागायचे कसे?"

कुमुदताई सुपात घेऊन शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"वाईट असता तर मागितले असतेस?"

उत्तराने विचार केला.

"नाही... तेव्हा भीती वाटली असती."

कुमुदताईंनी चाळीस वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं संपादित केली होती. आता त्या वाईत एकट्या राहत. उत्तरा त्यांच्याच हाताखाली लिहायला शिकलेली. लग्न झालं, मुलगी झाली, नोकरी सुटली, तशी ती घरून लिखाणाची कामं घेऊ लागली. नुकतंच तिने एका पतसंस्थेच्या चेअरमनचं आत्मचरित्र लिहून दिलं होतं. मुखपृष्ठावर त्यांचं नाव होतं, आतल्या पानावर बारीक अक्षरात 'शब्दांकन' म्हणून हिचं.

प्रकाशन थाटात झालं. ठरलेल्यातले तीस हजार राहिले, त्याला आता तीन महिने होत आले होते.

"काय म्हणाले ते?" ताईंनी विचारलं.

"स्टेजवर म्हणाले, उत्तराताई आता आमच्या घरच्याच झाल्या."

"आणि शाल घातली."

"हो. नारळ पण दिला."

"कुठाय नारळ?"

"चटणी केली."

ताईंनी मान डोलावली. निदान त्याचं काहीतरी झालं होतं.

"नंतर का नाही मागितलेस?"

"त्यांच्या मुलीचं लग्न होतं. मग मार्चएंड आला. मग वाटलं, तब्येत बरी नसेल."

"तब्येतीचं कोण म्हणालं?"

"कोणी नाही... असेल असं वाटलं."

उत्तरा मराठी घेऊन एम.ए. झालेली होती. दुसऱ्याच्या वतीने कारणं शोधायला तिला वेळ लागत नसे.

"आणि तुझं काय अडलंय?"

"मनवाच्या पाळणाघराचे दोन महिने थकलेत. त्या बाई काल म्हणाल्या, एक तारखेपासून दुसरं मूल घेते. जागा गेली की लिहिणं बंद. ती झोपते तेवढ्यात चार ओळी होतात, ताई. त्यातल्या दोन फोडणीचा वास येणाऱ्या."

ताईंनी शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"त्यांना काही लिहिलंयस?"

उत्तराने फोन पुढे केला. मेसेज लिहिलेला होता. पंधरा दिवस तो तसाच होता, न पाठवलेला.

"कागदावर उतरवून दे. फोनवर मला खोडता येत नाही."

उत्तराने उतरवला.

'आदरणीय भाऊसाहेब, सादर नमस्कार. आपण अत्यंत व्यग्र असाल याची कल्पना आहे, तरी त्रास देत आहे, क्षमस्व. पुस्तक सर्वांना आवडत आहे, त्याचे सारे श्रेय आपलेच. आपल्या सवडीने, जमल्यास, उरलेल्या मानधनाचे पाहावे, ही नम्र विनंती. घाई नाही.'

ताईंनी चष्मा चढवला. चष्म्याच्या घराशेजारची लाल पेन्सिल उचलली.

"घाई नाही?"

"आहे."

"मग खोटं का लिहिलंस?"

रेघ.

"क्षमस्व. काय केलंस तू?"

"काही नाही."

रेघ.

"श्रेय आपलेच. लिहिलं कोणी?"

"...मी."

रेघ.

'जमल्यास' गेलं, 'सवडीने' गेलं. 'व्यग्र' कुठल्या वाक्यात होतं तेही दिसेनासं झालं. राहिलं एवढंच: भाऊसाहेब, नमस्कार, उरलेले मानधन.

"किती आणि कधीपर्यंत, ते यात नव्हतंच कुठे," ताई म्हणाल्या आणि समासात लिहिलं: 'उरलेल्या मानधनाचे तीस हजार रुपये शुक्रवारपर्यंत माझ्या खात्यावर जमा करावेत.'

उत्तरा बघत राहिली.

"उद्धट वाटतंय."

"'जमा करा' लिहिणार होते. तुझ्याकडे बघून 'करावेत' केलं."

उत्तराने मेसेज टाइप केला. बोट बटणावर नेलं. मग फोन पालथा ठेवला.

"इथे रेंज नाही, ताई. घरी जाऊन पाठवते."

ताईंचा स्वतःचा फोन टेबलावर होता आणि त्यावर कोणाचातरी सुविचार नुकताच येऊन पडला होता.

त्यांनी खण उघडून एक पाकीट काढलं. वर 'उत्तरा' असं लिहिलेलं होतं. शाई जरा फिकट झाली होती.

"दिवाळीत माझ्या पुस्तकाची प्रुफं तपासलीस. अडीच हजार ठरले होते."

"अहो ताई, ते काय एवढं..."

"ठरले होते ना?"

"हो."

"मागितले नाहीस."

"तुम्ही द्याल म्हणून..."

"मी म्हटलं, ही मागेल म्हणून." ताईंनी पाकीट पुढे केलं. "मोजून घे."

"तुमच्याकडून काय मोजायचं."

पाकीट मागे गेलं.

उत्तराने हात पुढे केला. पाकीट परत आलं. तिने मोजले. पुन्हा एकदा मोजले. पाचशेच्या चारच नोटा होत्या.

भिंतीवरच्या घड्याळाकडे तिने पाहिलं. पाळणाघर सहाला बंद होई. आता निघालं तरच साताऱ्याची गाडी मिळणार होती.

ताईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. मोजताना चुकलं असेल. पेन्शन किती ती... घरात सुटे नसतील. एवढा वेळ बसून मेसेज नीट करून दिला, त्याचं तरी काय द्यायचं...

तिने पाकीट पर्समध्ये घातलं. उठली. दारापर्यंत गेली. चपलेत एक पाय घातला.

मागे पुन्हा शेंगा फुटल्याचा आवाज येत होता.

ती परत आत आली. एका पायात चप्पल तशीच.

"ताई... यात पाचशे कमी आहेत."

"हं."

"चुकून राहिले, की मुद्दाम...?"

"ते माझं मी बघेन. तू माग."

उत्तराच्या तोंडाशी आधी 'राहू दे' आलं, मग 'सवडीने' आलं. दोन्ही तिने जाऊ दिली.

"माझे पाचशे द्या, ताई."

कुमुदताईंनी चष्म्याचं घर उघडलं. आत घडी केलेली नोट होती. ती त्यांनी उत्तराच्या हातात ठेवली आणि पुन्हा शेंगा सोलायला घेतल्या.

"आता फोन बघ. रेंज आली असेल."